कानाच्या दारात अडलेलं औषध: दौंड ते वडगाव रासाई

दौंड आणि शिरूर तालुक्यांत कुणी हिंडायला जात नाही. सोयरीक असली तर जातात, कंपनीत नोकरी लागली तर जातात, गाडी चुकली तर दौंडच्या फलाटावर बसून राहतात. तिकडं बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर मला ओळखीच्यांनी विचारलं. भीमा आहे, ऊस आहे, उसात बिबटे आहेत आणि उसाच्या कडेला माणसं राहतात. मी गेले ते एका बाईचे उरलेसुरले कान वाचतात का, हे बघायला. हे कारण ऐकल्यावर पुढं कुणी काही विचारलं नाही. म्हणून लिहून काढते आहे.

आधी माझं सांगून टाकते. माझा डावा कान बंद आहे. कॉलेजात असताना एका सकाळी उठले तर तो बंद होता. रात्री झोपताना चालू होता. दवाखान्यात सर्दी म्हणाले, थेंब दिले, होईल बरं म्हणाले. कानाच्या डॉक्टरांपर्यंत पोचले तोवर औषधाची वेळ टळून गेली होती. तेव्हापासून मी पत्रकं लिहिते. आमचा गट लहान आहे आणि मागण्या दोनच आहेत. कानाला इजा करू शकणारं औषध ज्यांना देता, त्यांचे कान आधी तपासा आणि औषध चालू असताना पुन्हा पुन्हा तपासा. आणि कानाच्या आत औषध पोचवण्याचं जे संशोधन चाललंय, त्याला पैसा द्या. यात क्रांतिकारक काही नाही. तरी ऐकणारे पत्रक घेतात, घडी घालतात आणि खिशात ठेवून निघून जातात.

एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. हे लक्षात असू द्या. पुढं लागणार आहे.

दौंड

पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या दौंडात शिरायच्या. इथं इंजिन सोडवायचं, फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग गाडी उलट तोंडानं पुण्याकडं निघायची. तेवढ्या वेळात फलाटावर भजी आणि चहा खपायचा. आता गावाच्या बाहेरून कॉर्ड लाइन टाकली आहे आणि पुष्कळ गाड्या दौंडाला बाहेरच्या बाहेर रामराम करून जातात. मला इथं बोलावून घेणाऱ्या पंढरीमामांचं सगळं आयुष्य ते इंजिन सोडण्या-जोडण्यात गेलं. शंटिंग. हॉर्न, वाफा, डिझेलचा धडधडाट आणि कानात बोळा घालायला सांगणारं कुणी नाही. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही कान गेले होते. पुण्यात आमच्या एका सभेला ते आले होते, पत्रकांचा गठ्ठा मागून घेऊन गेले होते. आता त्यांचा मोबाइलवर निरोप आला होता, ‘ये. पोरीचं काम आहे.’

रेल्वे कॉलनीत त्यांच्या मुलाला क्वार्टर मिळालंय. मी दारात उभी राहिले तर मामांनी दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे केले. मी घाबरून जागच्या जागी थांबले.

“आगं, फरशी पुसलीय,” मामी आतून म्हणाल्या. “वाळूस्तवर थांब म्हनत्यात.”

त्या घरात सगळे शंटिंगच्या खुणांनी बोलतात. गाडी थांबवायची खूण दोन्ही हात वर. हात आडवा धरून सावकाश खालीवर केला की हळू. डोक्यावर हात डावीउजवीकडं हलवला की सुटली गाडी, जाऊ दे. मामांचे कान जात गेले तसतशा या खुणा यार्डातून घरात आल्या. मामींना यार्डाचं तोंड माहीत नाही, पण खुणा पाठ. जेवताना मला त्याचा धडाच मिळाला. मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, वर कच्चा कांदा. मी ‘बास, बास’ म्हणत होते आणि मामा वाढत होते.

“तोंडानं सांगून काय उपेग,” मामी म्हणाल्या. “हात वर कर की दोनी.”

मी हात वर केले. भाकरी थांबली. मामा हसले. “सिग्नल पाळतो आपन,” म्हणाले. मोठ्या, सपाट आवाजात. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

मग कामाचं निघालं. सुरेखा त्यांची धाकटी मुलगी, वडगाव रासाईला दिलेली. गेल्या पावसाळ्यात तिला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता पुण्याला एका हॉस्पिटलात सलाइनमधून औषध चालू आहे. मामांना औषधाचं नाव नीट सांगता येईना, म्हणून त्यांनी मोबाइलवर कागदाचा फोटो दाखवला. नाव वाचलं आणि ओळखलं. प्लॅटिनमचं जुनं, चांगलं, जीव वाचवणारं औषध. आणि कानाचं वैरी. आमच्या पत्रकात ते सगळ्यात वर असतं.

“आमचं दोघांचं व्हिडिओवर चालतंय,” मामा म्हणाले. “ती हात करती, मी हात करतो. आईसंग मातूर तोंडानं बोलायची. आता हिच्यासंगबी हातच करती.”

“मला वाटलं थकली आसंल पोर,” मामी म्हणाल्या. “बोलायचं त्राण नसंल.”

मामांनी त्यांच्या ओठांकडं बघून घेतलं आणि मान हलवली. “थकली न्हाई. लपिवतीय. मीबी लपिवलं व्हतं. मेडिकलला नापास झालो आस्तो तर यार्डातनं काढलं आस्तं. ती कशापायी लपिवतीय ते तू बघ.”

“तुम्ही का जात नाही?” मी तोंड समोर धरून, सावकाश विचारलं.

“दोन भैरी समोरासमोर बसून काय बोलनार? तू जा. तू आर्धी तरी हायेस.”

माझ्याबद्दल इतकं अचूक कुणी बोललं नव्हतं. हसू आलं.

निघताना त्यांनी आमचं नवीन पत्रक पुढं केलं. त्यात प्रथिनांच्या कणांविषयी आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी ते पाहून आले होते, म्हणजे दिसण्यासारखं काही नव्हतं. बाटलीत किंचित गढूळ पाणी होतं. तिथल्या संशोधक बाईंनी समजावून सांगितलं ते असं. ऐकण्याचा खरा अवयव हाडाच्या आत खोल, गोगलगाईच्या शंखासारखा बसलेला आहे. पोटात घेतलेलं, शिरेतून दिलेलं औषध तिथं जेमतेम पोचतं. पडद्यातून बारीक सुईनं मधल्या कानात सोडलं तर ते घशाकडच्या नळीतून वाहून जातं. आत जायला एक इवलीशी पडदी आहे, तिच्यापाशी औषध पुरेसा वेळ टिकतच नाही. म्हणून प्रथिनांचे अतिसूक्ष्म कण करायचे, आपल्या रक्तात असतात तसल्याच प्रथिनांचे, म्हणजे शरीर कमी कुरकुरेल. त्यात औषध भरायचं. ते कण पडदीला चिकटून राहतात, आत झिरपतात आणि औषध सावकाश सोडतात. कॅन्सरचं औषध अंगभर काम करत राहील आणि कानापुरतं कवच कानातच मिळेल. प्रयोगशाळेतल्या जनावरांत हे काही प्रमाणात जमलेलं आहे. माणसांत अजून नाही.

“म्हंजी मालडबा साइडिंगला लावून ठिवायचा,” मामा म्हणाले. “माल उतरंस्तवर हलवायचा न्हाई.”

“हो.”

“आन् डबा कवा येनार?”

मी डोक्यावर हात हलवणार होते, पण त्याचा अर्थ ‘सुटली’ असा होतो. मी नुसती मान हलवली.

पारगावचा पूल

सकाळी केडगावपर्यंत रेल्वे, तिथून वडापची जीप. जीपमध्ये मी चुकून उजव्या टोकाला, काचेशी बसले. म्हणजे चालू कान बाहेर आणि बंद कान माणसांकडं. घाई झाली की अशी चूक होते. रस्त्याच्या कडेनं गुऱ्हाळं लागत होती, चिमण्यांतून धूर, रसाचा करपट गोड वास. एका गुऱ्हाळापाशी चालकानं कुणाचा तरी डबा द्यायला गाडी थांबवली, मीही उतरले. गुऱ्हाळवाल्यानं पळसाच्या पानावर ऊन काकवी दिली. खाताना पिशवी जिथं ठेवली तिथंही काकवी सांडलेली होती. पत्रकांचा खालचा निम्मा गठ्ठा एकमेकांना असा चिकटला, की आमच्या चळवळीत इतकी एकजूट मी कधी पाहिली नव्हती.

पारगावला पूल ओलांडला की दौंड तालुका संपतो आणि शिरूर लागतो. भीमा थंडीतही भरलेली, वर जलपर्णीचा हिरवा गालिचा. पूल संपता संपता शेजारची बाई उतरायला उठली आणि माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, “शिकल्या-सवरल्या पोरींनी आमच्यासंग बोलावं तरी कशाला.”

ती केडगावपासून माझ्याशी बोलत होती. माझ्या डाव्या बाजूनं. कदाचित विचारलं असेल कुठं निघालीस, कुणाची, लग्न झालंय का. कदाचित स्वतःचं काही सांगितलं असेल. मी तिला सांगायला तोंड उघडलं तोवर ती पाटी डोक्यावर घेऊन वळली होती. तिच्या घरी आज माझी गोष्ट निघणार: एक पोरगी भेटली, लई तोऱ्याची. मी गेल्या काही वर्षांत अशी किती घरांत तोऱ्याची ठरले असेन. पत्रकात हे लिहायला जागा नसते.

वडगाव रासाई

सुरेखाचं घर गावात नाही, वस्तीवर आहे. चारी बाजूंनी ऊस. सासरे आप्पा यांच्या वडलांपर्यंत मेंढरं घेऊन कोकणात उतरायची रीत होती. आता ऊस आहे, कांदा आहे, आणि आठवण ठेवल्यासारख्या थोड्या मेंढ्या. दारातल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळे बाहेर आलेला पट्टा, बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून. सुरेखाचा नवरा संतोष रांजणगावला कंपनीत, पाळीवर गेलेला.

सासूबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, “कुनाची गं तू? आडनाव काय?”

मी येरवड्याची म्हणून सांगितलं, आडनाव सांगितलं. किंचित थांबल्या. मग चहा आला. मी कप बघितला. सगळ्यांचा होता तसलाच होता. हे लिहायची वेळ येऊ नये, पण मी बघितला.

सुरेखा आतून आली. डोक्याला रुमाल, ओठ सुकलेले. माझ्याच वयाची. मी चटई ओलांडून जागा बदलली आणि उजवा कान सगळ्यांकडं करून बसले. सासूबाईंनी ते टिपलं. त्यांना दुसरं बोलायचं होतं.

“बरं झालं आलीस. हिच्या माहेरची हायेस तर तिला सांग. आजारी हाय म्हनून मी भांड्याला हात लावू देत न्हाई. पर बोलल्यावर उत्तर तरी द्यावं का न्हाई माणसानं? आप्पांनी नुसतं खाकरलं तरी उठून येती. मी शिरा तानून वरडले तरी ढिम्म. सासू न्हवं, भिताड हाय मी.”

“आसू दे गं,” आप्पा म्हणाले.

“का आसू दे? तुमचं ऐकतीय, तुमाला काय झालं.”

सुरेखा त्यांच्याकडं बघत होती आणि हसत होती. चुकीच्या जागी. सासूबाईंचा चेहरा आणखी आवळला. त्या स्वयंपाकघरात गेल्या, भांडी वाजली. मला वाजली, सुरेखाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

माझ्या डोक्यात तेव्हाच लख्ख झालं आणि राग आला. या औषधानं कान जातो तो वरच्या बारीक आवाजांपासून. आधी पाखरं जातात, मग फोनची रिंग, कुकरची शिट्टी, बायकांचं बोलणं. पुरुषांचे जाड आवाज मागं राहतात. सासूचा आवाज पिपाणीसारखा. आप्पांचा आवाज रांजणातून आल्यासारखा. घरात जे मानापमान चाललं होतं ते त्या सलाइनच्या बाटलीतून थेंबथेंब उतरलेलं होतं, आणि ते एका साध्या तपासणीत कळलं असतं. कुणी केली नाही.

आम्ही दोघी गोठ्याकडं गेलो. मी आवाज उतरवून, तिच्यासमोर तोंड धरून विचारलं, “कधीपासून?”

तिनं आधी हातानं हळूची खूण केली. मग म्हणाली, “दुसऱ्या सलाइनपास्नं. आधी शिट्टी वाजायची कानात, सारखी. आता पाखरं न्हाईत. ह्या बाभळीवर सांजचं किती कालवा आसायचा. आता नुसत्या चोची उघडत्यात.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“न्हाई. सांगितलं आन् त्यांनी औषध बंद केलं तर? कान ऱ्हाऊ द्या जाऊ दे. जीव ऱ्हायला पायजे.” मग कमरेच्या पिशवीतून तिनं घडी घातलेलं पत्रक काढलं. आमचंच. वडलांनी पाठवलेलं. “ह्ये कनांचं औषध. मला मिळंल का? गुरवारी सलाइन हाय माझं. त्याच्या आदी?”

मी पत्रकं लिहिते तेव्हा वाचणाऱ्याचा चेहरा समोर नसतो. इथं होता. फिरवून सांगता आलं असतं. संशोधन चालू आहे, आशा ठेवायला हरकत नाही, वगैरे. मी म्हटलं, “नाही. तुला नाही मिळणार. अजून माणसांना देतच नाहीत. गेलेलं ऐकू येणं त्यानंही परत आलं नसतं. ते कवच आहे, आधी घालायचं.”

“मग छापलं कशाला?”

“तुझ्यानंतरच्यांना मिळावं म्हणून.”

ती पत्रकाकडं बघत राहिली. “तुमालाबी न्हाई मिळनार?”

“मलाही नाही.”

“आन् तरी हिंडताय?” असं म्हणून तिनं पत्रकाची पुन्हा घडी घातली आणि होती तिथं ठेवून दिली. “आत्याला सांगू नका,” म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते.

मी कबूल केलं. चुकीचं वाटत होतं, तरी केलं. कान तिचे होते.

ऊस

दुपार कलताना सासूबाई मेंढ्यांना चारा आणायला निघाल्या, आम्ही दोघी मागोमाग. इथं एक रीत पडली आहे, बिबट्यांनी पाडलेली. उसात शिरणाऱ्या बाईनं सारखी हाक द्यायची आणि बांधावर बसलेलीनं ओ द्यायचा. हाक थांबली तर बांधावरचीनं आरडाओरडा करायचा. ओ आला नाही तर आतलीनं वाट बघायची नाही, बाहेर निघायचं. सुरेखाला काम करवत नाही म्हणून बांधावर बसायचं काम तिचं. मला हे तिथं पोचल्यावर कळलं.

“नुसतं ओ म्हनायचंय,” सासूबाई तिच्याकडं बघून म्हणाल्या. “तेवढं तरी कर बाई.” आणि विळा घेऊन सरीत शिरल्या. ऊस त्यांच्यावर बंद झाला.

सुरेखा माझ्याकडं बघत होती. तिनं काय ठरवलं होतं ते माझ्या ध्यानात आलं: ती माझ्या चेहऱ्यावरून ओळखणार होती. पहिली हाक आली, मी मान हलवली, ती “ओ” म्हणाली. दुसरी आली, पुन्हा तसंच. मी मनात म्हटलं, हे बरं जमतंय, दोघींचे मिळून कान होतायत. तेवढ्यात हायवा डंपर गेल्यासारखा आवाज करत कुणाचा तरी ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ओढत कडेनं गेला, मी तिकडं पाहिलं, आणि ट्रॅक्टर गेल्यावर हाक आली ती वेगळीच होती. लांब आणि चिरकी. “सुरेखाऽऽ”. मग पाचोळा मोडल्याचा आवाज.

मी उठून धावले. ज्या दिशेला वाटलं त्या दिशेला. हाक पुन्हा आली, मी आणखी पुढं धावले, सरीत शिरले, पात्यांनी गाल कापले. पुन्हा हाक आली, आणि ती आता मागून होती की पुढून, मला सांगता येईना. सगळीकडं सारखा ऊस, वर पांढरं आभाळ, आणि एक आवाज जो माझ्या एका कानात येतो आणि कुठूनच येत नाही. मी तिथं उभी राहिले. इतकं एकटं मला, मी एकटी राहते त्या माळ्यावरच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

सासूबाई भलतीकडूनच बाहेर आल्या. पदर गळालेला, विळा हातात. बिबट्या नव्हता, रानडुक्कर होतं, आडवं गेलं होतं. मी बाहेर पडून बांधापाशी पोचले तेव्हा त्या सुरेखापुढं उभ्या राहून ओरडत होत्या.

“मेली आस्ते मी! बोंबलून मेली आस्ते! तुला ओ द्यायचंसुदिक जड झालं?”

सुरेखानं दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे केले.

सासूबाईंना ती खूण माहीत नव्हती, तरी त्या थांबल्या.

“मला ऐकू येत न्हाई, आत्या,” सुरेखा म्हणाली. “तुमचं येत न्हाई. आप्पांचं येतंय. तुमचं येतच न्हाई.”

हाका ऐकून आप्पा काठी घेऊन आलेच होते. मी मध्ये पडले. म्हटलं, आप्पा, लांब जा आणि तिच्या पाठीमागून हाक मारा. ते गेले, “पोरी” म्हणाले. सुरेखा वळली. मग सासूबाईंना म्हटलं, आता तुम्ही. त्यांनी नेहमीसारखी हाक मारली. सुरेखा आप्पांकडंच बघत राहिली. सासूबाईंच्या तोंडावरचा राग गेला, आणि तिथं काय ठेवावं हे त्यांना कळेना.

“ओरडू नका,” मी म्हटलं. “जाड बोला. पोटातून. गड्यासारखं.”

“मी काय बाप्या हाय व्हय?”

“म्हनून तर बघ,” आप्पा म्हणाले. “आयुष्यभर माज्यावर गुरगुरतीस, त्येच म्हन.”

त्यांनी मान खाली घातली आणि जाड, खरखरीत आवाजात म्हणाल्या, “सुरेखा.”

सुरेखा वळली.

आम्ही घरी परतलो. ओट्यावर बसल्यावर सुरेखानं पत्रक काढून आप्पांपुढं धरलं आणि त्यांनी कणांविषयी विचारलं. मी सांगितलं. “म्हंजी ठिबक,” ते म्हणाले. “पाटानं सोडलेलं वाहून जातंय, मुळाशी थेंब पायजे.” मी हो म्हटलं. “आन् ठिबकासारखंच मंजुरी येस्तवर लागन जळून जानार.” मी यालाही हो म्हटलं.

गुरुवारचं मात्र ठरवायचं होतं. सुरेखाचं भय तसंच होतं आणि ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, “औषध बदलतील की मात्रा कमी करतील की तेच ठेवतील, मला माहीत नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यांना ठाऊक तर पाहिजे. उरलंय ते तरी मोजून घे. तुला न विचारता तुझे कान कुणी द्यायचे नाहीत, तूसुद्धा न सांगता द्यायचे नाहीत.”

हे पत्रकातलं वाक्य झालं. तिच्यापर्यंत किती पोचलं कोण जाणे. सासूबाई चुलीकडं तोंड करून होत्या. त्या उठल्या, सुरेखासमोर जाऊन बसल्या आणि त्याच नव्या आवाजात म्हणाल्या, “गुरवारी मी येनार. संतोष नुसती मान हालवतोय डाक्टरांपुडं.”

सुरेखा हो म्हणाली नाही. रात्री तिला भाकरी गेली नाही, सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणाली. सकाळी मी निघाले तेव्हाही ठरलेलं नव्हतं. फाट्याला वळताना मागं पाहिलं, ती बांधावर होती. तिनं डोक्यावर हात डावीउजवीकडं हलवला. सुटली गाडी. मला उद्देशून असेल. किंवा सगळ्यालाच.

कोरेगाव भीमा

नगर रस्त्यावर आले आणि कोरेगावला मुद्दाम उतरले. एक जानेवारीला आम्ही इथं येतो, घरचे, वस्तीतले सगळे. निळ्या झेंड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि कोण कुठल्या बाजूनं हाक मारतंय याची मला फिकीर नसते, कारण सगळ्याच बाजूंनी आपली माणसं असतात. आज साधा वार होता. कंपन्यांच्या बस, कंटेनर, टपऱ्या. मी स्तंभापाशी जाऊन आले, मग एका टपरीवर चहा घेतला. हायवेकडं डावा कान करून बसलं की हायवे निम्मा होतो. या कानाचा मला माहीत असलेला एवढाच फायदा. टपरीवाल्याला चार पत्रकं दिली. चिकट का आहेत, त्यानं विचारलं. मी म्हटलं, काकवी. त्यानं ती चहाच्या गाळणीशेजारी लावून ठेवली, खिळा न मारता. नुसती चिकटवून.

पुणे

गुरुवारी दिवसभर फोन आला नाही. मी केला नाही. ज्याच्या कानाचा प्रश्न आहे त्याला फोन करून काय विचारणार. संध्याकाळी एक फोन आला, आवाज जाड, पुरुषी. मला वाटलं आप्पा.

“मी हाय. आत्या, सुरेखाची.”

“आवाज ओळखला नाही.”

“आता आसाच झालाय. घरात ह्योच काढावा लागतोय, सवय लागली. मेंढरांसंगबी ह्यातच बोलतीय.” मग सांगितलं. सुरेखानं हॉस्पिटलात स्वतःच तोंड उघडलं. कानाची तपासणी झाली. वरचे आवाज गेले ते गेले, बोलणं ऐकण्यापुरतं खालचं पुष्कळ शिल्लक आहे. आजचं सलाइन दिलं नाही. दुसरं औषध देता येईल का ते डॉक्टर बसून ठरवणार आहेत. “आदी का न्हाई सांगितलं म्हनून तिच्यावरच डाफरलं. म्या म्हनलं, सायेब, तुमी इचारलं व्हतं का?”

“काय म्हणाले?”

“काय म्हंत्यात. बघितलं माज्याकडं. बाई हाय का बाप्या म्हनून.”

मी हसले. मागं कुणीतरी काहीतरी म्हणालं, बहुतेक सुरेखा.

“तुजं मी त्याच दिवशी बघितलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “चटई वलांडून बसलीस ते. मला वाटलं आमच्याजवळ बसायचं नसंल तुला. कानाचं मागनं सुरेखानं सांगितलं.” मग म्हणाल्या, “येशील तवा सांगून ये. मी उजव्या अंगाला बसंन.”

फोन ठेवल्यावर मी खोलीत तशीच उभी होते. माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे, भिंतीला लावलेली, उजवी बाजू भिंतीकडं. ती मी जरा ओढून अलीकडं घेतली आणि उजवीकडं एका माणसापुरती जागा केली.